आमची नाकं मोजणाऱ्यांना

आमच्या गावात एकदा कॉलेजची पोरं आली होती. संगं त्यांचे सर. मी तेव्हा सातवीत. 'ग्रामीण समाजाचा अभ्यास' असं त्यांच्या कामाचं नाव. मुक्काम तीन दिवसांचा. उतरली शाळेत, जेवली पाटलाच्या वाड्यात, माहिती घेतली देवळाच्या पारावर. तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना आमच्याकडं फिरकली. गाव बघून झालं होतं, आता उरलंसुरलं.

सरांनी माझ्या आजीला विचारलं, "आजी, तुमचं आणि गावाचं पूर्वापार नातं काय?"

म्हातारी म्हणाली, "नातं? नात्यात पंगत असती, बाबा. त्ये वरनं टाकत हुते, आमी पदरात झेलत हुतो. ह्याला तुमच्यात नातं म्हनत्यात का?"

एक पोरगा वहीत लिहीत होता. मी त्याच्या पाठीमागं उभा. त्यानं लिहिलं : 'सेवेचा मोबदला अन्नरूपाने.'

मग आजीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. सर म्हणाले, "आत्ताच वाड्यावर चहा झाला, आजी." पोरांनीही माना हलवल्या. उन्हात तीन तास हिंडलेली पोरं. त्यांतल्या एकालाही तहान नव्हती.

वही मिटेपर्यंत मी बघत होतो. ते पाणी त्या वहीत नाही.

पुढं मी शहरात शिकायला गेलो. मानवशास्त्राचं पहिलं पुस्तक हातात आलं. पहिल्याच पानावर टायलर. एडवर्ड टायलर, इंग्रज पंडित, १८७१ साली 'प्रिमिटिव्ह कल्चर' नावाचा ग्रंथ लिहिला. संस्कृती म्हणजे काय ते त्यानं सांगितलं : ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी, समाजात राहून माणूस जे जे शिकतो ते सगळं मिळून संस्कृती. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? म्हटलं, म्हणजे आमच्या आजीलाही संस्कृती आहे. नुसत्या वेदवाल्यांचा तो मक्ता नाही. जात्यावरची ओवी, मरीआईचा गाडा, ढोराचं कातडं सोलायची रीत, हे सगळं शिकलेलं आहे, रक्तातून आलेलं नाही. 'शिकलेलं' हा शब्द मी अधोरेखित केला. जे शिकलेलं असतं ते विसरता येतं. टाकता येतं. बदलता येतं. या एका शब्दात मनुस्मृती जाळण्याइतका विस्तव आहे.

पण मित्रांनो, त्याच १८७१ साली इकडं काय झालं ते त्या पुस्तकात नव्हतं. इकडं सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा आणला. तिकडं पंडित सांगतोय, माणसाचं वागणं शिकलेलं असतं. इकडं सरकार म्हणतंय, या देशात सुताराचा पोरगा सुतार होतो, तसा चोराचा पोरगा चोर होतो. जन्मायच्या आधी गुन्हेगार! अख्ख्या जमातीचं नाव यादीत. हजेरी, पास, सेटलमेंट. आधी उत्तरेत, मग १९११ च्या कायद्यानं आपल्या मुंबई इलाख्यातही. पारधी, कैकाडी, भामटे तारेच्या कुंपणाआड गेले. सोलापूरला जाऊन विचारा सेटलमेंट म्हणजे काय. १९५२ साली कायदा गेला, त्याच्या जागी 'सराईत गुन्हेगार' कायदे आले. पोलिसाच्या डोक्यातली यादी तशीच राहिली.

हा कायदा करणाऱ्यांना ही कल्पना कुणी दिली? जातव्यवस्थेनं. 'धंदा जन्मानं ठरतो' हे तत्त्व गोऱ्या साहेबानं विलायतेहून आणलं नव्हतं. ते इथं तयार होतं. त्यानं फक्त त्यावर शिक्का मारला.

आता नाकाकडं वळतो.

हर्बर्ट रिस्ले. आय.सी.एस. अधिकारी, १९०१ च्या जनगणनेचा कमिशनर. या माणसानं हिंदुस्थानची नाकं मोजली. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. आकडा लहान आला तर नाक सरळ, म्हणजे आर्य. आकडा मोठा आला तर नाक बसकं, म्हणजे अनार्य. आणि त्याचा सिद्धांत असा, की जातीची प्रतिष्ठा नाकाच्या रुंदीच्या उलट चालते. नाक जितकं रुंद तितकी जात खाली. एवढंच करून तो थांबला नाही. १९०१ च्या जनगणनेत जाती वरून खाली प्रतिष्ठेच्या क्रमानं लावायला घेतल्या. झालं! जो तो अर्ज घेऊन धावला, आम्हाला एक पायरी वर चढवा म्हणून. सरकारी कचेरीत वर्णव्यवस्थेची वतनवही उघडली गेली.

यात विज्ञान किती होतं? तिकडं अमेरिकेत फ्रान्झ बोआस नावाचा मानवशास्त्रज्ञ होता. त्यानं परदेशातून आलेली माणसं आणि त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुलं अशा सुमारे १८ हजार जणांची मापं घेतली. १९११ साली निष्कर्ष आला : एका पिढीत डोक्याचा आकार बदलतो. ज्या कवटीला लोक वंशाची अढळ खूण मानत होते, ती जागा आणि राहणी बदलली की हलते. टेप तोच, पण मोजणाऱ्याचा हेतू वेगळा होता.

आणि आपल्या बापानं काय केलं? बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' लिहिलं, त्यात नाकांचे तेच तक्ते समोर मांडले. त्यांचंच शास्त्र, त्यांचेच आकडे. म्हणाले, हे शास्त्र खरं मानायचं तर प्रांताप्रांतात ब्राह्मणाचं आणि अस्पृश्याचं नाक एकाच वंशाचं निघतं. ब्राह्मण आर्य असेल तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असेल तर अस्पृश्यही द्रविड. निवडा काय ते! रिस्लेच्या टेपनंच रिस्लेचा गळा आवळला.

पण ही १९४८ ची गोष्ट. त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट आमच्या क्लासात कुणी सांगितली नाही, ती मी सांगतो. ९ मे १९१६. न्यूयॉर्कमधलं कोलंबिया विद्यापीठ. अलेक्झांडर गोल्डनवायझर, म्हणजे बोआसचाच शिष्य, त्याचं मानवशास्त्राचं चर्चासत्र. तिथं पंचवीस वर्षांचा महाराचा पोरगा उभा राहतो आणि 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचतो. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले, आपले केतकर, सगळ्यांच्या व्याख्या तो एकेक करून तपासतो. कुणी म्हणे विटाळ म्हणजे जात, कुणी म्हणे धंदा म्हणजे जात, कुणी म्हणे वंश. तो म्हणतो, सोडा. जातीची खरी खूण एकच : लग्न आतल्या आतच. बाकी सगळं तिच्या पाठोपाठ येतं.

आणि मग तो गणित मांडतो. जात बंद ठेवायची तर लग्नाच्या वयाचे बाई आणि बाप्या सारखेच पाहिजेत. नवरा मेला की बाई जास्त झाली. तिचं काय करायचं? जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेली की बाप्या जास्त झाला. त्याला जाळायचा नाही, तो कामाचा. त्याला लहान पोरगी द्या. सती, विधवापण, बालविवाह. जे 'आमची थोर परंपरा' म्हणून मिरवत होते ते जातीच्या कुलपाचे खिळे निघाले. शंभर वर्षांपेक्षा जास्त झाली, या तर्कातला एक दुवा मला कुणी तोडून दाखवावा.

त्याच निबंधात आहे, की वरच्यानं स्वतःला बंद करून घेतलं आणि खालच्यांनी त्याचं अनुकरण केलं. जो जितका जवळ त्याचं अनुकरण तितकं जास्त. एम. एन. श्रीनिवास यांचं कूर्ग लोकांवरचं पुस्तक आलं १९५२ साली. त्यातलं 'संस्कृतीकरण' क्लासात आठवडाभर चाललं. खालची जात वरच्या जातीच्या चालीरीती उचलते आणि वर सरकू बघते. श्रीनिवासांचं काम मोठं आहे, मी नाही म्हणत नाही. पण छत्तीस वर्षं आधी आमच्या माणसानं अनुकरणाचं यंत्र उघडून दाखवलं होतं, त्याचं नाव माझ्या हातातल्या पुस्तकात तळटीपेलाही नव्हतं. आणि त्या नव्या शब्दातली खोच बघा. खालच्यानं वरच्याचं उचललं की त्याचं 'संस्कृतीकरण' झालं. मग त्याआधी तो काय होता? टायलर तर म्हणाला होता, संस्कृती सगळ्यांनाच असते!

रॉबर्ट रेडफील्डचंही तसंच. 'महापरंपरा' आणि 'लघुपरंपरा'. पोथीतली ती महा, आणि आमची मरीआई, म्हसोबा, पोतराज हे लघु. गावकुसाबाहेर राहून राहून परंपराही आखूड झाली आमची.

आता खरा मुद्दा, बलुत्याचा. या शास्त्रात कार्यवाद म्हणून एक पंथ आहे. रॅडक्लिफ-ब्राऊन त्याचा मोठा महंत. समाज शरीरासारखा, प्रत्येक अवयवाचं काही काम, सगळे मिळून शरीर चालतं. हे वाचलं आणि मला हसू आलं. ही उपमा आम्हाला विलायतेहून मागवायची काय गरज? पुरुषसूक्तात तीच आहे. तोंड, बाहू, मांड्या, पाय. आम्ही तर पायातही नाही.

याच चष्म्यातून गावगाडा बघितला गेला. विल्यम वायझर या अमेरिकन मिशनऱ्यानं १९३६ साली उत्तरेकडच्या एका खेड्यातल्या जजमानीवर पुस्तक लिहिलं. प्रत्येक जात दुसरीची सेवा करते, प्रत्येकाला मोबदला मिळतो, असं ते चित्र. मग पुस्तकापुस्तकातून 'परस्परावलंबन' सुरू झालं. सुतार औत देतो, कुंभार मडकं देतो, महार सेवा देतो, कुणबी धान्य देतो. काय गोडवा! जसा काही संक्रांतीचा तिळगूळ. १९५९ साली बायडलमननं या सगळ्याची उजळणी केली आणि सांगितलं, की ही देवाणघेवाण बरोबरीची नव्हे, जमीन ज्याच्या हातात त्याची ही सत्ता आहे. पण गोड चित्र काही पुसलं नाही.

आमच्या आज्याचं काम ऐका. वेशीवर जागल. सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं पळणं. सारा भरायला लोकांना बोलावणं. मयताचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री दुसऱ्या गावाला जाणं. लाकडं फोडणं. मेलेलं ढोर ओढणं. दिवस नाही, रात्र नाही, आजारपण नाही. आणि मोबदला? हाडकी-हाडवळ्याचा तुकडा, तो भाऊबंदांत वाटून वाटून अंगणाएवढा झालेला. खळ्यावर सगळ्यांचं झाल्यावर मिळालेलं बलुतं. आणि भाकर, ती मागून.

अदलाबदल कशाला म्हणायचं, याची माझी कसोटी साधी आहे. यातून कोण उठून जाऊ शकतो? कुणब्यानं महाराला सांगितलं, उद्यापासून येऊ नको, तर महार उपाशी. महारानं कुणब्याला सांगितलं, उद्यापासून येत नाही, तर काय होत होतं? किराणा बंद. गिरणी बंद. वाट बंद. रानात पाय ठेवायचा नाही. गावोगाव हे झालं आहे. ज्या व्यवहारातून एकाच बाजूला उठता येतं त्याला परस्परावलंबन म्हणत असाल, तर दाव्याला बांधलेला बैल आणि त्याचा मालक यांनाही भागीदार म्हणा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं. वतन हीच बेडी आहे हे त्यांना दिसत होतं. ती बेडी कायद्यानं तुटायला १९५८ साल उजाडावं लागलं.

मग इतक्या शहाण्या लोकांना हे दिसलं कसं नाही? कारण ते कुठं बसले होते ते बघा. या शास्त्राचा मोठा मंत्र आहे सहभागी निरीक्षण. मालिनोव्स्की ट्रोब्रिअंड बेटावर तंबू ठोकून राहिला, त्यांची भाषा शिकला, १९२२ साली त्यानं ग्रंथ लिहिला. चांगली गोष्ट. पण १९६७ साली, तो मेल्यावर, त्याची खाजगी डायरी छापली गेली. ज्यांच्यात राहिला त्यांच्याविषयी त्यात शिव्या आणि किळस. ग्रंथ एका वहीत, मन दुसऱ्या वहीत.

आपल्याकडं श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरकडच्या एका खेड्यात राहिले. पाटलाच्या जागेत. १९७६ च्या पुस्तकात त्यांनी स्वतःच कबूल केलं, की आपली नजर वरच्या जातीची राहिली. या कबुलीबद्दल मी त्यांना मानतो. बाकीच्यांनी तेवढीही केली नाही.

आणि गेराल्ड बेरेमन या अमेरिकन माणसाची गोष्ट तर प्रत्येक विद्यार्थ्याकडून पाठ करून घ्यावी. १९५७-५८ साली तो हिमालयातल्या एका खेड्यात राहिला. दुभाषा ब्राह्मण. वरच्या जातीची माणसं दुभाष्याशी आदबीनं बोलत, आपल्या घरातलं मांस-दारू लपवत. खालच्या जातीची माणसं तोंडच उघडत नव्हती. दुभाषा आजारी पडला. दुसरा आला, तो मुसलमान मास्तर. आणि गाव बदललं! खालची माणसं बोलायला लागली. वरच्यांविषयी मनात काय आहे ते बाहेर आलं. गाव तेच, घरं तीच, प्रश्न विचारणारा तोच. फक्त शेजारी बसलेला माणूस बदलला. बेरेमननं हे १९६२ साली छापून सांगितलं. आमच्या आजीनं तेच एका तांब्यात तपासलं होतं. शास्त्रज्ञ कोण, सांगा.

आता 'पारंपरिक समाज' या शब्दाकडं येतो. जिथं रूढी चालते तो पारंपरिक समाज, आणि रूढी म्हणजे अनादि काळापासून चालत आलेली, अशी आपली समजूत. महाडच्या चवदार तळ्याचं काय झालं? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी ते पाणी प्यायलं. स्पृश्य कोर्टात गेले : अस्पृश्यांना इथं मज्जाव करण्याची आमची अनादि रूढी आहे. दहा वर्षं खटला चालला. १९३७ साली मुंबई हायकोर्टानं सांगितलं, ही रूढी अनादि असल्याचं तुम्हाला सिद्ध करता आलेलं नाही. अपील फेटाळलं.

विचार करा, दोस्तांनो. ज्या 'परंपरे'च्या जोरावर माणसांची डोकी फोडली, तिची जन्मतारीख मागितल्यावर ती कोर्टात उभी राहू शकली नाही. १९८३ साली इंग्लंडातले इतिहासकार 'परंपरा रचल्या जातात' असं पुस्तक काढतात आणि आपण माना डोलावतो. महाडचा निकाल त्याच्या शेचाळीस वर्षं आधीचा आहे. म्हणून कुणी 'आमची परंपरा' म्हणालं, की नमस्कार करायच्या आधी विचारा : कधीपासून? कुणी सुरू केली? सांगणारा कोण? आणि मोडली तर मार कुणाला बसतो?

शेवटचा डोस सापेक्षतावादाचा. प्रत्येक संस्कृती तिच्याच मापानं मोजावी, बाहेरचं माप लावू नये. हे मूळ तत्त्व काळ्या-पिवळ्या लोकांना रानटी म्हणणाऱ्या गोऱ्यांविरुद्ध होतं. तिथवर मी त्याच्या बाजूनं. १९४७ साली अमेरिकन मानवशास्त्र संघटनेनं याच तत्त्वावर मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याबद्दल शंका घेतली. हर्स्कोविट्सनं मसुदा केला. सगळ्या जगाला एकच माप कसं लावणार? पुढं १९९९ साली त्याच संघटनेला मानवी हक्कांच्या बाजूनं नवं निवेदन करावं लागलं. आणि मधल्या काळात आम्ही त्यांची वाट बघत बसलो नव्हतो. त्याच १९४७ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेब मसुदा समितीत बसले. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीनं अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर केलं, आज तेच सतरावं.

'तिच्याच मापानं' म्हणजे कुणाच्या? पाटलाच्या का आजीच्या? गावाला एक संस्कृती नसते. विहिरीच्या काठावरची एक आणि विहिरीपासून दहा हात लांब घागर घेऊन उभी असलेली दुसरी. सापेक्षतावादी साहेब काठावरच्याला विचारतो आणि वहीत लिहितो, 'गावाचं मत'.

हे जुनं झालं म्हणाल? २०२४ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाला तुरुंगाच्या नियमपुस्तकांतली जातवार कामाची वाटणी रद्द करावी लागली. स्वयंपाक कुणी करायचा, संडास कुणी साफ करायचा, हे जातीवर ठरवणारे नियम छापील होते. घटनेला पंचाहत्तर वर्षं होत आली आणि तुरुंगात बलुतं चालू! त्याच नियमांत भटक्या-विमुक्तांना 'सराईत' धरणारी वाक्यं. १८७१ चं भूत अजून कागदावर जिवंत होतं.

आता आपल्या घरात. दुसऱ्याच्या अंगणात दगड मारून मी थांबणार नाही. १९१६ ची कसोटी आपल्याला लावू. लग्न आतल्या आत म्हणजे जात. १९५६ साली आपण धम्म घेतला. देव टाकले, ढोरं टाकली, बलुतं टाकलं. आणि सोयरीक जुळवताना? सोमवंशी का लाडवण, असं अजून कुजबुजून विचारतात की नाही? मांगाच्या घरची पोरगी सून म्हणून किती घरांत आली? चांभाराच्या? आणि नवरा मेलेल्या बाईला आपण काय वागवतो? कुलूप वरच्यानं बनवलं हे खरं. पण आपल्या दाराला लावलेल्या कुलपाची किल्ली आपल्याच कडोसरीला आहे, हे पण खरं.

आणि माझा एक गुन्हा. ती वही मी इतकी वर्षं शिव्या देत आठवली, पण आजीची वही मी तरी कुठं केली? तिला शेकड्यानं ओव्या येत होत्या. कुठल्या साली दुष्काळात काय खाल्लं, कोणत्या गावानं कधी वाळीत टाकलं, वतन सोडायचं ठरलं त्या रात्री तक्क्यात कोण काय बोललं, सगळं तिच्या तोंडात होतं. मी शिकलो आणि मला तिच्या बोलण्याची लाज वाटायला लागली. ती गेली तेव्हा मी परीक्षेला होतो. आता चार ओव्या आठवतात, त्याही तुटक. ज्यांनी आमचं लिहिलं नाही त्यांचा हिशेब मी मागतोय. माझा हिशेब कोण मागणार?

म्हणून म्हणतो, हे शास्त्र टाकू नका. हातात घ्या. बाबासाहेबांनी टाकलं नाही, घेतलं आणि फिरवलं. तुमच्या वस्तीत अजून एखादी म्हातारी बसलेली असेल. तिच्याजवळ जा. आधी तिच्या हातचं पाणी प्या. मग विचारा आणि ती बोलेल तसंच लिहा. 'टाकत हुते' म्हणाली तर 'टाकत हुते' लिहा, त्याचं 'मोबदला' करू नका.

आणि एक वही वाड्यासाठीही ठेवा. आमचा अभ्यास खूप झाला. आता वाड्याचा होऊ द्या. जमीन कुणाच्या नावावर आली, कशी आली, कुणाची पोरगी कुणाला दिली जात नाही, पाण्याला कुणी हात लावला तर कुणाचं काय जातं, हे विचारा. तिथं तुम्हाला चहा मिळेल की नाही, आणि कोणत्या कपात, तेही लिहा.

जयभीम.